मदत हवी आहे: रस्त्यावरच्या खाण्याबद्दलची प्रश्नावली

नमस्कार मंडळी. विकसनशील देशांतले ग्राहक रस्त्यावरच्या खाण्याच्या सुरक्षिततेकडे कसं बघतात, यावर प्रबंधासाठी प्रश्नावली बनवतोय आणि एका जागी गाडी अडली आहे.

"स्वच्छता महत्त्वाची वाटते का?" असं विचारलं की सगळेच "हो, खूप" म्हणतात. नाही कोण म्हणणार! पण खाण्याची गाडी निवडताना चव, किंमत आणि घाई यांचंच चालतं. शिवाय लोक डोळ्यांना दिसेल तेच तपासतात: विक्रेत्याचे कपडे, माश्या, गर्दी. हातमोजे दिसले की निर्धास्त. त्याच हातमोज्याने तो सुटे पैसे परत देतो, हे कुणी बघत नाही. खरा धोका बहुधा न दिसणारा असतो. एकाच बादलीत दिवसभर विसळलेल्या ताटल्या, किंवा शिजवून तासन्‌तास कोमट राहिलेलं अन्न. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम हवं. ग्राहकाला ते कळणार कसं?

तर विचारायचंय असं, की मत आणि प्रत्यक्ष वागणं यांतली ही दरी पकडणारे प्रश्न कसे रचावेत? "शेवटचं बाहेर खाल्लंत तेव्हा ती गाडी का निवडलीत?" हा बरा वाटतो. फोटो दाखवून निवड करायला लावणं कुणी केलंय का? नुसत्या पाच पर्यायांच्या ("पूर्ण सहमत" ते "पूर्ण असहमत") मोजपट्टीवर माझा फारसा विश्वास नाही. सोबत गाडीपाशी उभं राहून निरीक्षणही करायचंय, पण विक्रेत्यांना तपासणीवाले आल्यासारखं वाटू नये. अनुभव असलेल्यांनी सांगा.