झुंपा लाहिरी: जे इकडेच राहिले त्यांच्याबद्दल तिने लिहिलंय का?

सुधा_सांगली:
नमस्कार मंडळी. सून मागच्या खेपेला आली तेव्हा झुंपा लाहिरी या बंगाली-अमेरिकन लेखिकेची 'द नेमसेक' ही कादंबरी माझ्याकडे ठेवून गेली, कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या अशिमाच्या घराची गोष्ट. सिनेमा आधीच पाहिला होता, तब्बू आणि इरफानसाठी, त्यामुळे गोष्ट माहीत होती, पण पुस्तक वाचताना माझं लक्ष भलतीकडेच जायला लागलं. सगळे म्हणतात ही अशिमाच्या मुलाची, गोगोलची गोष्ट, नावावरून त्याची चिडचिड, मग ती मैत्रीण मॅक्सीन, मग बायको मौशुमी वगैरे. मला गोगोल नंतर नंतर जरा कंटाळवाणाच वाटला (मारू नका). मला सारखी ती अशिमाची आजी आठवते, जिने पणतवंडाचं नाव पत्रात लिहून पाठवलं आणि ते पत्र कलकत्ता ते अमेरिकेतलं केंब्रिज यामध्ये कुठेतरी गडप झालं. तिला पुस्तकात जागा किती, तर चिमूटभर. मुलगा डलासला आणि मी इथे, म्हणून मला असं होत असेल. तर विचारायचं हे की तिकडे गेलेल्यांचं खूप झालं, जे मागे राहिले त्यांच्या बाजूने या बाईने काही लिहिलंय का? तिची 'द लोलँड' ही कादंबरी घ्यावी का? नक्षलवाद वगैरे आहे म्हणतात, जड आहे का फार?

एडिसनकर:
सुधाताई, मारतोय कशाला, गोगोल आम्हालाही कंटाळवाणा वाटतो, घरात तसे दोन आहेत :)
पण सुरुवात मात्र तोड नाही. १९६८ साल, दिवस भरत आलेली अशिमा राइस क्रिस्पीज (इथलं कुरमुऱ्यासारखं नाश्त्याचं सीरियल), शेंगदाणे, लाल कांदा एकत्र करून झालमुरीसारखं, म्हणजे बंगाली भेळेसारखं काहीतरी बनवतेय, मीठ लिंबू मिरची सगळं घातलं, मोहरीचं तेल तेवढं नाही आणि चव काही जमत नाही. आमच्याकडे दिवाळीचा चिवडा कित्येक वर्षं राइस क्रिस्पीजचाच व्हायचा, आता इथे इंडियन ग्रोसरीत पातळ जाड भाजके सगळे पोहे मिळतात तरी मुलांना तोच चिवडा लागतो, पोह्यांचा केला तर म्हणतात हा ओरिजिनल नाही.
माझी तक्रार वेगळीच आहे. तिची माणसं बघा, सगळी एमआयटी, पीएचडी, प्रोफेसर. १९६५ ला अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि शिकलेल्यांना दार उघडलं, तिचे वडील स्वतः युनिव्हर्सिटीत लायब्ररियन, त्यामुळे ती तेच लिहिणार हे मान्य, पण मोटेलवाले, टॅक्सीवाले, गॅस स्टेशनवर रात्रपाळी करणारे पण आपलेच ना? भाडं कसं भरायचं ही काळजी तिच्या पुस्तकात जवळजवळ कुणालाच नाही.

पानगळ:
एडिसनकर, मुद्दा बरोबर पण ताईंचा प्रश्न राहिला बाजूला.
सुधाताई, लोलँडच घ्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. (पुढे गोष्ट फुटतेय, नको असेल तर इथेच थांबा.) टॉलीगंजमधले दोन भाऊ, सुभाष शिकायला ऱ्होड आयलंडला जातो, उदयन नक्षलबारीच्या चळवळीमागे जातो आणि पोलीस त्याला घरामागच्या त्या सखल जागेतच मारतात. मग सुभाष येतो आणि भावाच्या गरोदर बायकोशी, गौरीशी लग्न करून तिला अमेरिकेला नेतो. आता आईच्या बाजूने बघा, बिजोली तिचं नाव, एक मुलगा मेला, दुसरा सुनेला आणि पोटातल्या नातवंडाला घेऊन निघून गेला. ती रोज उदयनच्या आठवणीच्या दगडाजवळ जाते, भोवती लोक टाकून जातात तो कचरा वेचते, दगड पाण्याने धुते. पानं थोडीच आहेत पण मला तरी पूर्ण पुस्तकात तीच सगळ्यात खरी वाटली. जड नाहीये, राजकारण पहिल्या भागात, नंतर घरच आहे. २०१३ ला बुकरच्या शॉर्टलिस्टमध्ये होतं.

मीनल_के:
बिजोली बिचारी हे ठीक आहे हो, पण तिने गौरीला कसं वागवलं तेही सांगा की. नवरा गेल्यावर पांढरी साडी आणि ताटातला मासा बंद. मूल हवं पण सून नको. म्हणून तर सुभाषने लग्न केलं! आणि ती गौरी तिकडे जाऊन एक दिवस कात्रीने केस कापते, साड्यांच्या चिंध्या करते, पुढे मुलीला टाकून कॅलिफोर्नियाला शिकवायला निघून जाते, त्यावरून आमच्या भिशीत दोन तट पडले होते, अर्ध्याजणी म्हणे आई अशी वागूच शकत नाही. मी दुसऱ्या तटात. बाप कामानिमित्त वर्षानुवर्षं दूर राहिला तर कोणी कादंबरी पण लिहीत नाही त्याच्यावर.
ताई, त्याआधी तिच्या 'अनअकस्टम्ड अर्थ' या कथासंग्रहातली पहिली गोष्ट वाचा, कादंबरी नाही पण तुमच्यासाठीच आहे. बायको गेलेला बाप मुलीकडे सिएटलला येतो, मुलीला टेन्शन की आता हे कायमचे राहायला येणार का, आणि त्याच्या मनात तसं काही नसतंच, तो फिरतोय, त्याची एक मैत्रीण पण आहे. नातवाला घेऊन अंगणात बाग लावतो आणि नातू मातीत लेगो पेरतो!! त्या मातीतच मुलीला वडिलांनी मैत्रिणीला लिहिलेलं पोस्टकार्ड सापडतं. पुढे ती त्याचं काय करते ते सांगत नाही.

सुधा_सांगली:
मीनल, तो बाप पण अमेरिकेतलाच ना गं, त्याचं वेगळं. त्याला गाडीत बसून, विमानात बसून जाता येतं, मला व्हिसाच्या अपॉइंटमेंटपासून सुरुवात. पण लेगोचं वाचून हसले, आमचा नातू कुंडीत पेन्सिल लावून गेलाय, मी अजून काढली नाही. अशिमा शेवटी घर विकून सहा महिने इकडे सहा महिने तिकडे ठरवते ना, ते वाचून मुलगा मला म्हणाला बघ आई तू पण असंच कर. त्याला म्हटलं तिची आधी तिकडची सवय होती, माझी इथली.
लोलँड मागवते. पानगळ, फुटलेली गोष्ट मी वाचून टाकली हो, काही हरकत नाही.

एडिसनकर:
मागवताय तर एक सांगून ठेवतो, त्याच लेखिकेचं म्हणून 'वेअरअबाउट्स' नका घेऊ लगेच. ते तिने आधी इटालियनमध्ये लिहिलं आणि मग स्वतःच इंग्लिशमध्ये आणलं, त्यात भारत नाही, बंगाली घर नाही, एका शहरात एकटी राहणारी बाई आहे, तिला नाव पण नाही. मला आवडलं पण ज्या कारणासाठी तुम्ही शोधताय ते त्यात मिळणार नाही. आणि ती पेन्सिल राहू दे कुंडीत, आला की पहिलं तेच बघेल.