यादीत साठ कामं, त्यातली चाळीस 'अर्जंट'. क्रम कसा लावायचा?

कोथरूड_इंटिरिअर:
इंटिरिअरचं काम एकटीच बघते, शिवाय सोसायटीचं सचिवपद. महत्त्वानुसार ए-बी-सी शिक्के मारून पाहिले, चाळीस कामं 'ए'त गेली. नमुना: जीएसटीचं ३बी विवरणपत्र, ॲडव्हान्स टॅक्स, वार्षिक सभेची नोटीस (सभा रविवार, २७ सप्टेंबर), बाणेरच्या किचनचं ड्रॉइंग, सुताराला लॅमिनेटचे नंबर, दोन कोटेशन, थकलेली बिलं, आईची रक्ततपासणी, वेबसाइट. सुरुवात कुठून?

हिशेबनीस:
शिक्के पुसा. महत्त्वाचं तर प्रत्येकच काम असतं, त्यावरून क्रम लागत नाही. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: मागे न सरकणारी तारीख, आणि ती चुकली तर काय भोगावं लागेल.

३बी मासिक असेल तर २० तारीख. उशीर झाला की रोजचे ५० रुपये (निरंक असेल तर २०), आणि कर बाकी असेल तर त्यावर वार्षिक १८ टक्के व्याज वेगळं. नोटिशीचं गणित मात्र बरेच जण चुकतात. पूर्ण १४ दिवस लागतात, त्यात नोटीस दिल्याचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. २७ ची सभा म्हणजे नोटीस १२ तारखेपर्यंत सभासदांच्या हातात, आणि त्याआधी कमिटीची मंजुरी, हिशेबपत्रकं. तेव्हा यादीत तारीख ८ लिहा, २७ नको. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे पुढे ढकलायला जागा नाही.

ॲडव्हान्स टॅक्स: अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (जमा रकमेचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरून कर) असाल तर १५ सप्टेंबरचा हप्ता लागूच नाही, सगळा कर १५ मार्चपर्यंत भरायचा. सीएंना एक फोन करा आणि ओळ खोडा. खोडता येण्याजोगं आधी शोधावं.

साइटवाला:
नुसत्या तारखा पाहिल्या तर लॅमिनेट तळाला जाईल, कारण त्याला तारीखच नाही. दहा मिनिटांचं काम, पण त्यावाचून सुतार बसून आणि मजुरी चालू. ज्या कामासाठी दुसऱ्याचे हात थांबलेत ते आजच. शिवाय १४ ला गणपती. कोकणातले कारागीर गावाला जातात, पेठांमधले रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद होतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटची खरेदी त्याआधी, नाहीतर सकाळी लवकर.

आणि 'बाणेरचं ड्रॉइंग' हे एक काम नव्हे. गॅस आणि प्लंबिंग पॉइंटची मापं, लेआउट, कटिंग लिस्ट अशी तीन. अख्खं नाव लिहून ठेवलं की ते रोज पुढच्या पानावर सरकतं, कारण आज नेमकं काय करायचं हेच त्यात नसतं. पहिला तुकडा दीड तासात संपेल एवढाच ठेवा.

शनिवारपेठी:
'छोटी कामं आधी उरका' हा सल्ला इथे मोडतो. पाच-पाच मिनिटांची तीस कामं म्हणजे अडीच तास, आणि ड्रॉइंग तसंच. बिलांचा तगादा, कोटेशनं, फोन सगळं एकगठ्ठा चार ते पाच. (एक ते चार दुकानदाराला फोन लावू नये, हे पुण्यात वेगळं सांगायला नकोच.) रोजच्या पानावर एक मोठं, तीन लहान. नवीन चढवायचं तर एक उतरवायचं. वेबसाइट सरळ ऑक्टोबरात टाका. आईंची तपासणी उपाशीपोटी करायची असेल तर घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबची सकाळची वेळ आजच ठरवा, म्हणजे तुमची फेरी वाचेल.

कोथरूड_इंटिरिअर:
मोठं काम सकाळी ठेवलं, तरी नऊपासून साइटचे फोन सुरू होतात. त्याचं काय?

साइटवाला:
बरेचसे फोन 'आज काय करायचं' एवढंच विचारायला असतात. उद्याची मापं, नंबर, फोटो आज संध्याकाळी सातच्या आत ग्रुपवर टाका. सोबत लिहा: साडेअकरानंतर फोन करते, पाणी गळत असेल किंवा वायरिंग जळालं असेल तर लागोपाठ दोनदा लावा.