फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, कर्ज दोघांच्या: बायकोचा हक्क किती?

बाणेरवासी
पुण्यात बाणेरमध्ये टू बीएचके, किंमत ८० लाख. नोंदणीकृत करारनाम्यात खरेदीदार म्हणून फक्त नवऱ्याचं नाव. ६० लाखांचं गृहकर्ज मात्र दोघांच्या नावावर, कारण त्याच्या एकट्याच्या पगारावर तेवढं मंजूर होत नव्हतं. व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता सुमारे ५२ हजार. त्यातला निम्मा बायकोच्या पगारखात्यातून जातो. सोसायटीत नॉमिनी तीच आहे. एवढ्यावर ती अर्धी मालक ठरते का? नसेल, तर आता नाव कसं लावायचं? एजंट म्हणतो, चूक दुरुस्तीपत्र करून काम होईल.

दस्तनोंदणी
नाही ठरत. मालकी नोंदलेल्या दस्तावरून आणि सूची २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा सारांश) वरून पाहिली जाते, कर्जाच्या कागदांवरून नाही. जो मालक आहे त्याला बँक सहसा सहकर्जदार करून घेतेच, पण सहकर्जदार झालं म्हणून कुणी मालक होत नाही.

देणं मात्र निम्मं नाही, पूर्ण आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ४३ प्रमाणे बँक दोघांपैकी कुणाकडेही सगळी रक्कम मागू शकते. त्याने हप्ता थांबवला तर 'माझा निम्मा मी भरलाय' हे बँकेत चालत नाही. थकबाकी दोघांच्याही सिबिलवर चढते, ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. म्हणजे आज तिच्याकडे देणं पूर्ण आणि नोंदलेली मालकी शून्य. उद्या वाद झालाच, तर भरलेल्या पैशांचा हिशेब तिला कोर्टात सिद्ध करत बसावं लागेल. त्यामुळे हे लवकर निस्तरा.

नॉमिनीवरही विसंबू नका. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायद्याने बायको, प्रत्येक मूल आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. एक मूल आणि सासूबाई हयात असतील, तर बायकोकडे एक तृतीयांश येतं.

चूक दुरुस्तीपत्र स्पेलिंग, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ अशा चुकांसाठी असतं. नवा मालक घुसवायला ते चालत नाही. हक्कसोडपत्रही इथे नको: ते एका सहमालकाने दुसऱ्याच्या बाजूने करायचं, आणि ती अजून सहमालकच नाही. मार्ग म्हणजे ५० टक्के अविभाज्य हिश्श्याचं बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. महापालिका हद्दीतला उपकर वेगळा लागतो, म्हणून चलन काढण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून मूल्यांकन करून घ्या.

पण सगळ्यात आधी बँकेचं ना-हरकत पत्र. मूळ दस्त बँकेकडे गहाण आहे. बँकेला न विचारता हिस्सा दिलात तर कर्जकराराचा भंग होतो. दस्तावर दोन साक्षीदार लागतात, आणि बायकोने बक्षीस स्वीकारल्याचं वाक्य व सही हवी. नोंदणीनंतर सूची २ ची प्रत घेऊन सोसायटीचं भागपत्र, मिळकतकर आणि वीजबिल यांवर नाव चढवा.

करवाला
वरचं सगळं बरोबर, फक्त कराच्या बाजूने एक अडचण आहे. मोबदल्याशिवाय जोडीदाराला घराचा हिस्सा दिला की प्राप्तिकरासाठी त्या हिश्श्याचा मालक देणाराच मानला जातो. त्यामुळे बक्षीसपत्राने मालकी मिळेल, पण तिच्या नावावर व्याजाची वजावट भक्कम उभी राहत नाही. सध्या तर ती मालकच नसल्याने तिची वजावट मुळीच बसत नाही, निम्मा हप्ता भरत असली तरी.

पहिल्या वर्षी या कर्जाचं व्याज ५ लाखांच्या थोडं वर जातं. जुन्या करप्रणालीत राहत्या घरावर माणशी कमाल २ लाखांची वजावट. दोघे मालक, दोघे कर्जदार आणि दोघे भरणारे असते, तर ४ लाखांची झाली असती. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही, तेव्हा दोघेही तिथे असाल तर या मुद्द्यावर डोकं शिणवू नका, सरळ बक्षीसपत्र करा.

अजून करारनामा व्हायचाय अशांसाठी: महिला खरेदीदाराला मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, पण सगळे खरेदीदार महिला असतील तरच. पुण्यात ७ ऐवजी ६ टक्के, म्हणजे ८० लाखांवर ८० हजार वाचतात. तेवढ्यासाठी कर्ज फेडणाऱ्या नवऱ्याचं नाव दस्तातून वगळणं मला चुकीचं वाटतं. दोघांची नावं घाला आणि हिस्से टक्क्यांत लिहा. लिहिले नाहीत तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागतं: ज्याने जितका पैसा घातला तितका त्याचा हिस्सा, पुरावा नसेल तर समान. बँक स्टेटमेंट जपून ठेवा.

कर्वेरोड
दोन गोष्टी राहिल्या.

घटस्फोटात 'कर्ज नवरा फेडेल' असं संमतीच्या अटींत लिहिलं, तरी बँक त्या दाव्यात पक्षकार नसते, त्यामुळे ती अट बँकेवर बंधनकारक नाही. बायकोचं नाव कर्जातून काढायचं तर त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर नव्याने तपासणी होते. बसत नसेल तर मुद्दल कमी करणं, नवा सहकर्जदार आणणं किंवा दुसऱ्या बँकेत कर्ज नेणं, एवढेच पर्याय. व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. क्रम मात्र उलटू नका: बँकेचं मुक्ततापत्र हातात आल्याशिवाय बायकोने हिस्सा सोडायची सही करू नये. आणि फक्त २०० रुपये मुद्रांकाची सवलत जोडीदारासाठी आहे, तेव्हा बक्षीसपत्र घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या आधीच व्हायला हवं.

दुसरं, कर्जासोबत बँकेने विमा दिला असेल तर पॉलिसीवर कुणाचं आयुष्य आहे ते बघा. बऱ्याचदा फक्त पहिल्या कर्जदाराचं असतं. मग बायको गेली तर एक पैसा येत नाही आणि ५२ हजारांचा हप्ता एकट्यावर पडतो. दोघांच्या स्वतंत्र टर्म पॉलिसी घ्या. नवऱ्याची विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खाली घेतली तर ती रक्कम बायको-मुलांची राहते, त्याचे इतर घेणेकरी तिला हात लावू शकत नाहीत. हा पर्याय पॉलिसी घेतानाच अर्जात निवडावा लागतो.