पावसात वॉटर पार्क: शिट्टी कोण वाजवतं आणि कशावरून? (अनुभव धागा)

धागा काढणारी, आर्वी

आपल्याकडे विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून सरता सरता उघडतात. तिकडची पोरं दप्तर घेऊन निघालेली असतात तेव्हा आपली कूलरसमोर लोळत असतात. आणि एकदा पेरणीला हात लागला की घरातलं कोणी कुठे हलत नाही. म्हणजे वॉटर पार्कला जायचं ते रोहिणी सरून मृग लागेस्तोवर, आणि नेमके तेच दिवस विजांचे. दुपारी ४४ अंश, चारच्या सुमारास काळं येतं आणि तासाभरात टिनं उडवून जातं.

तिकिटाचे दर, जेवण कसं होतं, हे नको. पार्क बंद केला तेव्हा काय झालं, कोणी ठरवलं, पैशांचं काय झालं, घरी कसे पोचलात, तेवढं लिहा. पार्कांची नावंही नकोत, मग भांडणंच होतात.

मास्तर, दारव्हा तालुका

डोक्यावर कडक ऊन होतं हो. ट्यूशनची पोरं घेऊन गेलो होतो, काळीपिवळी ठरवून. पोरं उंच घसरगुंडीच्या जिन्यावर रांगेत, आणि लांब शिट्टी. सगळे खाली. पाऊस नाही, वारा नाही, फक्त एका बाजूला आभाळाच्या कडेला करडी पट्टी. लोक भडकले. एक काका म्हणाले, "उन्हात बंद करता, मग काय रात्री चालू करणार?" गार्ड विशीतलं पोरगं, आवाज न चढवता ज्याला त्याला मोबाईल दाखवत होतं. विजेची सूचना देणारं दामिनी ॲप, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं. आपण उभे आहोत तिथून २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात, वीज पडली त्या जागी खुणा. आतल्या वर्तुळात खुणा येऊ लागल्या होत्या.

थोड्या वेळात आम्हालाही ऐकू आलं. मग पोरांकडून तिथेच हिशोब करवून घेतला: चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोरांना पाठ होतं, पण वापरलं त्या दिवशी. पहिलं उत्तर नऊ आलं, पुढचं सात. काकाही मोजायला बसले.

हंगामी जीवरक्षक, साकोलीकडचा

गार्डाची बाजू सांगतो. गावच्या मालगुजारी तलावात पोहायला शिकलो, उन्हाळ्यात नागपूरकडे पार्कात कामाला जायचो.

पाऊस आला म्हणून पार्क बंद होत नाही, हे आधी घ्या. लोक भिजायलाच आलेले असतात. साध्या रिमझिमीत सगळं चालू असतं, उलट पायाला चटके बसत नाहीत म्हणून गर्दी खुश. बंद करायला लावते ती वीज. पार्कातली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे घसरगुंडीचा लोखंडी मनोरा, आजूबाजूला सपाट वावरं, आणि जिन्यावर ओलीचिंब माणसं रांगेत. आमच्याकडे ३०-३० चालायचं. चमक आणि आवाज यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर आलं, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत, की सगळे पाण्याबाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणी परत आत नाही. मधे एकदा जरी गुरगुरलं तरी घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. हेच लोकांना पटत नाही. पंचवीस मिनिटं कळ काढून बसलेत, लांब कुठेतरी गडगडतं, आणि मला सांगावं लागतं की आणखी अर्धा तास. त्या वेळी ज्या शिव्या पडतात त्या इथे लिहिता येणार नाहीत.

दुसरी गोष्ट कोणाच्या ध्यानातच येत नाही: तळ. खोल टाकीच्या तळाशी पाणी ओढणारी जाळी असते. काठावरच्या उंच खुर्चीवरून ती जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. जोराची सर आली की पाण्यावर नुसते थेंब नाचतात आणि खालचं काही दिसत नाही. बुडणारं माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. जाळी दिसत नसेल तर मी खुर्चीवर बसून करू काय? सर थांबली तरी लगेच सोडत नाही, कारण वावधनाने (वादळी वाऱ्याने) माती आणलेली असते आणि पावसाच्या पाण्याने क्लोरीन पातळ झालेलं असतं. पंपघरातला माणूस नळीत पाणी घेतो, औषधाचे थेंब टाकतो, रंग जुळवतो. क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८, असं जुळलं की मग पोरांची टाकी उघडायची.

आता ठरवतो कोण. चांगल्या ठिकाणी बंद करायची शिट्टी कोणत्याही गार्डाने वाजवावी, कोणाला विचारायचं नाही. परत चालू करायचं मात्र फक्त सुपरवायझरने. मी शेवटी जिथे होतो तिथे उलटं होतं. शिट्टीआधी ऑफिसात फोन करायचा, आणि ऑफिस विचारणार, "गर्दी किती आहे?" ऑफिसाची खिडकी पार्किंगकडे. सोडलं काम.

रिसोडचा भाऊ

अर्धा तास, अर्धा तास करत आमचा तं अख्खा दिवस गेला राजेहो. अकराले शिरलो, बाराले बंद. तीनले चालू केलं तं चारले पुन्हा आभाय आलं. काउंटरवर गेलो तं म्हने तिकिटाच्या मांगं वाचा. मांगं बारीक अक्षरात लिवेल, पैसे वापस होनार नाही. मी म्हनलो, भाऊ, पान्यात मी दोन घंटे बी नाही, तुमच्या शेडात चार घंटे हाव, मंग शेडाचं तिकीट वेगयं काहून नाही लावत? हासला. पन पैसे नाही देल्ले.

हिंगणघाटची ताई

भाऊ, आम्हाला परतीची चिठ्ठी मिळाली होती. पैसे नाही, पण हंगाम संपायच्या आत पुन्हा यायची मुभा. अट अशी की पार्क सलग काही तास बंद राहिला पाहिजे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, विचारलं म्हणून कळलं. तिकीट काढण्याआधीच विचारायचं, नंतर कोणी ओळखत नाही.

त्या शेडाबद्दल बोलायचं आहे. चारी बाजूंनी उघडं टिनाचं शेड विजेपासून वाचवत नाही. पक्क्या भिंतींची इमारत किंवा काचा लावलेली गाडी, तिथे बसायचं. गार्डाने आम्हाला कपडे बदलायच्या पक्क्या खोल्यांकडे पाठवलं, तर निम्मे लोक शेडातच, कारण भजी तिथे. आणि थंडी! सकाळी अंग भाजत होतं, दुपारी पाराच एकदम उतरला. भाड्याचे नायलॉनचे कपडे अंगाला चिकटलेले, धाकट्याचे ओठ निळे. सासूबाई पाण्यात उतरल्याच नव्हत्या. त्यांनी पिशवीतलं कोरडं लुगडं काढलं आणि दोघांना एकत्र बांधून टाकलं, गाठोड्यासारखं. टॉवेल लॉकरमध्ये ठेवू नका, लॉकरपुढेच सगळ्यात मोठी रांग लागते.

वायरमन, वरुड

लाईनीचं, म्हणजे विजेच्या पुरवठ्याचं, कोणी लिहिलं नाही. वादळ आलं की गावाकडचा फिडर (वीज आणणारी तार) आधी बसतो. घसरगुंडीवरून वाहणारं पाणी मोठ्या मोटारींचं. जनरेटर मी पाहिले तिथे दिवे आणि कँटीनपुरताच. लाईन गेली की घसरगुंडी कोरडी पडते आणि मधला माणूस अडकतो, बंद नळी असेल तर अंधारात. वरच्या पोऱ्याने मागचा सोडला नाही तर काही होत नाही. माणूस सरकत सरकत खाली येतो, कोपरं सोलतात तेवढीच. मागचा सोडला तर टक्कर. म्हणून हुशार पार्कवाले लाईन जायची वाट पाहत नाहीत, वारा सुटला की वरची रांग तोडतात. ट्यूबा पण बांधतात. न बांधलेली एक ट्यूब मनोऱ्यावरून उडून बाजूच्या संत्र्याच्या बगीच्यात गेलेली मी पाहिली आहे.

तहसिलात काम करणारा, वाशीम जिल्हा

ऑरेंज अलर्ट आला म्हणजे पार्क बंदच असणार, असं नाही. हवामान खात्याचा रंग जिल्ह्याचा असतो, तुमच्या गावाचा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आकडे २४ तासांचे: ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. हे सगळं पावसाचं झालं; वीज मात्र पाच मिलिमीटरच्या सरीतही पडते. खासगी पार्क आपला निर्णय आपण घेतो. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला तर मग पर्याय नाही. तो २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) निघतो, आणि बहुतेकदा धबधबे-धरणांसाठी. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्ह्यात असे आदेश काढले गेले.

पुसद

धबधब्यांचं निघालंच आहे म्हणून. पार्क बंद झाल्यावर आमच्या गाडीतल्या जावयांना सुचलं, "चला, धरणाच्या सांडव्यावर जाऊ, आलोच आहोत तर." तिथे ना गार्ड, ना शिट्टी, ना जाळी. आत्याबाई गाडीतून उतरल्याच नाहीत, आणि त्या उतरल्याशिवाय बाकीच्या बायकाही नाहीत. जावई फुगून बसले. बसू दे.

समुद्रपूर

आमच्या वाटेवर रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, आहे. पार्क चालू का बंद, याच्याशी मला घेणंदेणं नाही. गावातल्या पोराला फोन करतो, रपट्यावर पाणी आहे का. वर जोरात झाला असेल तर इकडे टिपूस नसतानाही नाला भरून येतो. पाणी असलं की पार्कजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम. गाडी घालणारे घालतात, त्यांच्यात मी नाही.

दर्यापूर

तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) पुतणे येणार आहेत. तेव्हा पार्क चालू असतात का?

हंगामी जीवरक्षक, साकोलीकडचा

काही असतात, पण अर्धेमुर्धे. गर्दी नसते, हंगामी गार्ड गावी गेलेले असतात, मग दोन-चार घसरगुंड्या आणि लहान टाकी एवढंच चालवतात. सकाळी फोन करा, पण "चालू आहे का" विचारू नका, त्याला उत्तर "हो"च येतं. लाटांची टाकी भरलेली आहे का आणि मोठ्या मनोऱ्यावर आज गार्ड आहे का, हे विचारा. समोरचा "थांबा, विचारून सांगतो" म्हणाला तर त्या दिवशी नका जाऊ.