परदेशातल्या तलावावरची बोटफेरी : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

सहलीच्या कार्यक्रमात 'लेक क्रूझ' असं एका ओळीत छापलेलं असतं आणि ओळखीतले बरेच जण विचारतात, ते घ्यायचं की त्या वेळात खरेदी उरकायची? मी सगळ्यांना सांगते, घ्याच. जमलं तर गोल फिरवून परत आणणारी पर्यटकांची बोट सोडा आणि तिथले लोक या गावातून त्या गावाला जातात त्या बोटीत बसा. गंगापूर धरणाचं पाणी पिऊन वाढलेल्या आपल्या माणसांना दुसरीकडची पाणी कशी वाटली, ते वाचायचंय. कुठला तलाव, कुठल्या बाजूला बसलात, सोबत वयस्कर मंडळी होती का, सगळं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला स्टेशनातून बाहेर पडलं की समोर बोटींचा धक्काच. सासूबाईंना फार चालवत नाही, त्यामुळे हे फार बरं पडलं. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर नेहमीच्या बोटींना वेगळं तिकीट लागत नाही. चाकाच्या जुन्या वाफेच्या बोटी अजून ताफ्यात आहेत, 'उरी' तर १९०१ सालची. विट्झनाऊला उतरलं की रिगी डोंगरावर जाणारी दातेरी रुळांची गाडी धक्क्याशेजारीच असते, ती १८७१ पासून चालू आहे. सासूबाई बोटीतून उतरल्या आणि गाडीत बसल्या, मध्ये चढ-उतार काही नाही. आई-वडिलांना नेणार असाल तर हा मार्ग डोळे झाकून धरा.

पिंपळगाव बसवंतहून

ताई, मी द्राक्ष बागायतदार. स्वित्झर्लंडला गेलो तेव्हा सगळे बर्फ बघायला निघाले, मी जिनिव्हा सरोवरावरची बोट धरली. लोझानहून व्हेवेकडे. जाताना डाव्या बाजूला बसा, कारण लाव्होच्या बागा त्या काठाला आहेत आणि सबंध उतार पाण्यावरूनच नजरेत येतो. दगडी बांधांचे टप्पे डोंगरापासून पार पाण्यापर्यंत उतरलेत. अकराव्या शतकापासून मठातल्या साधूंनी हे टप्पे बांधायला घेतले असं सांगतात. २००७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले.

तिथले शेतकरी म्हणतात, आमच्या बागेला तीन सूर्य. एक आभाळातला, दुसरा पाण्यावरून उलटून येणारा, तिसरा दिवसभर तापलेल्या भिंतीतला. आपण घडांना कागद गुंडाळून ऊन-थंडीपासून वाचवतो आणि ही माणसं ऊन साठवून ठेवतात! आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, तेव्हा कुठे एक पीक. तिथे थंडीत वेल झोपतो, त्याच दिवसांत एकदा छाटायचा. मांडव नाही, ठेंगणे वेल, जात बहुतेक शास्ला, पांढऱ्या वाइनची.

सप्टेंबरअखेर होता, तोडणी चालू होती. क्युलीच्या धक्क्याला बोट थांबली तेव्हा वर एका रुळावर चालणारी इवलीशी ट्रॉली क्रेट घेऊन चढताना दिसली. त्या उतारावर ट्रॅक्टर चालणारच नाही. डोक्यावर क्रेट वाहून कंबर गेलेली माणसं मी घरात पाहिलीत, त्यामुळे ती ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत मी कठड्याशी उभा होतो. आपल्या चढावरच्या बागांना असं काही बसवता येईल का, हे कुणी जाणकाराने जरूर लिहावं.

सातपूरहून

उभी नोकरी बॉयलरवर झाली, म्हणून मुलीने मुद्दाम न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनच्या वाकाटिपू तलावावर नेलं. 'अर्न्सलॉ' ही १९१२ ची कोळशावरची बोट. डुनेडिनला बांधली, पुन्हा सुटी केली, रेल्वेने किंग्स्टनला आणली आणि तलावाकाठी परत जोडली. ज्यांनी कधी काही जोडलंय त्यांना यातले कष्ट कळतील.

बोटीच्या मधोमध वरच्या पुलावरून खालची इंजिनखोली उघडी दिसते. फायरमन फावड्याने कोळसा टाकतो. भट्टीचं दार उघडलं की वर उभ्या माणसाच्या तोंडाला धग लागते आणि तापलेल्या तेलाचा वास येतो. ट्रिपल एक्स्पान्शन इंजिनं आहेत दोन, म्हणजे तीच वाफ तीन टप्प्यांत कामाला लावलेली. तासाला टनभर कोळसा लागतो. बायको डेकवर डोंगर बघत होती, मी खालीच. फायरमनने वर बघून अंगठा दाखवला, मीही दाखवला. आमची भाषा एकच होती. कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाने ही बोट बघावी.

पंचवटीतून

आम्ही भजनी मंडळाच्या बायका पोखऱ्याला गेलो होतो. नेपाळ, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. फेवा तालात मधोमध बेटावर ताल बाराहीचं देऊळ आहे, होडीनेच जायचं. लाइफ जॅकेट घालावंच लागतं, साडीवरून नीट बसतं, काळजी नको. सकाळी लवकर जा. वारा नसेल तर माछापुछ्रेचं शिखर पाण्यात उलटं दिसतं. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, रोज जाणाऱ्या आम्ही, पण तिथे हात जोडले ते आपोआप.

कॉलेज रोडवरून

जपान, हाकोने, आशी तलाव. फुजी दिसेलच अशी आशा धरू नका, आम्हाला ढगच दिसले. थंडीत आभाळ मोकळं असतं म्हणतात. तरी पाण्यात उभी असलेली हाकोने देवळाची लाल तोरी कमान बोटीतून फार सुंदर दिसते. हाकोने फ्री पासमध्ये जहाज, रोपवे सगळं येतं.

इंदिरानगरहून

जर्मनीत कोनिग्सजे तलाव. तिथे १९०९ पासून विजेच्या बोटी आहेत, त्यामुळे धुराचा वास नाही, आवाजही नाही. अर्ध्या वाटेवर कड्यासमोर बोट थांबवतात आणि बोटीवरचा माणूस तुतारीसारखं वाद्य काढून दोन-चार सूर वाजवतो. क्षणभर काहीच नाही, मग कडा तेच सूर परत देतो. माझा मुलगा त्याआधी मोबाइलमधून मान वर काढत नव्हता, त्याने मला दंडाला धरून "आई, ऐक" म्हटलं.

सांगायचं म्हणजे तलावाकाठच्या सेंट बार्थोलोमे चर्चला रस्ता जात नाही. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच बघून घ्या. गर्दीच्या दिवसांत परतीच्या रांगेचाही वेळ धरा.

मुंबई नाक्यावरून

जूनमध्ये स्लोव्हेनियात ब्लेडला जातोय. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. होडीत बसवावं का?

गंगापूर रोडवरून

दादा, बसवा. तिथल्या होडीला प्लेत्ना म्हणतात, वर छत असतं आणि नावाडी मागे उभा राहून वल्हवतो. वजन दोन्हीकडे सारखं राहावं म्हणून तोच जागा सांगतो. चढताना हात देतो, आईंना आधी चढू द्या. बेटावर मात्र चर्चपर्यंत ९९ पायऱ्या आहेत. त्या आईंनी चढायचा हट्ट धरू नये, एकाने त्यांच्याजवळ खाली थांबावं आणि बाकीच्यांनी घंटा वाजवून यावं. होडी थांबून राहते, पण परत कधी निघणार ते नावाड्याला विचारून घ्या. तलावाभोवती सहा किलोमीटरची सपाट वाट आहे आणि घोडागाडीही मिळते, आईंना ती नक्की आवडेल.