गोव्यात राहूनच गोव्यात तीन रात्री: दोघांसाठी कुठलं हॉटेल, कुठला किनारा?

अंत्रुजकर:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं फोंड्याचे, त्यामुळे ‘गोव्याला जाऊन या’ असं आम्हाला कुणी सुचवत नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तीन रात्री घराबाहेर राहायचं आहे. समुद्र चालत जाण्याइतका जवळ हवा, पाण्यात उतरता यायला हवं, रात्री झोप लागायला हवी आणि जेवण बरं हवं. गाडी घरची आहे. खोलीला रात्रीचे सात-आठ हजार, त्यातली एखादी रात्र महाग असली तरी चालेल. पाळोळे, बाणावली आणि मांद्रे या तिघांत अडकलोय. शिवाय आधार कार्डावर गोव्याचा पत्ता दिसला की काही हॉटेलं खोली देत नाहीत म्हणतात, ते खरं का?

काणकोणचो:
तीन रात्रींत तीन ठिकाणं करू नका. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोनला मिळते आणि सकाळी अकराला सोडावी लागते. दर बदलाला अर्धा दिवस पिशव्या भरण्यात जातो. एकच मुक्काम करा, फार तर दोन.

पाळोळे आणि आगोंद यांत लोक नेहमी गल्लत करतात. पाळोळ्याचा किनारा कोयत्यासारखा वळलेला आहे. दोन्ही टोकांना खडक असल्याने लाटेचा जोर बाहेरच मोडतो आणि वाळूचा उतार सौम्य आहे. कमरेएवढ्या पाण्यात बरंच आत जाता येतं. आगोंदचा किनारा सरळ आणि उघडा. उतार एकदम आहे, लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. पण आगोंदला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, म्हणून तिथे दिवे आणि आवाज यांवर वन खात्याची नजर असते. म्हणजे पोहायला पाळोळे, झोपायला आगोंद. दोन्हींत दहाएक किलोमीटरचं अंतर, तुमच्याकडे गाडी आहेच.

दोन्हीकडे मुख्य सोय म्हणजे लाकडी-बांबूच्या हट. पावसाळा संपला की उभ्या करतात आणि पुढच्या पावसाआधी मोडतात, जानेवारीत सगळं चालू असतं. बुक करण्याआधी फोनवर विचारा: हट सुटी आहे की शेजारच्या हटशी भिंत एकच आहे? भिंत प्लायवूडची असते, पलीकडच्याचा मोबाइल वाजला तरी तुम्ही जागे होता. गिझर आहे की गरम पाण्याची बादली? वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? मच्छरदाणी पलंगाच्या चारही बाजूंनी खाली गादीखाली खोचता येते का? एसी नसला तरी चालतो, जानेवारीत पहाटे पांघरूण लागतं.

पहिल्या रांगेच्या मोहात पडू नका. फोटोत ती छान दिसते, पण दिवसभर तुमच्या व्हरांड्यासमोरून लोकांची ये-जा असते आणि बऱ्याच ठिकाणी शॅकचं स्वयंपाकघर, जनरेटर शेजारीच. दोघांसाठी दुसऱ्या रांगेतली, टोकाची हट बरी. पैसेही वाचतात.

याच भागात मोठं रिसॉर्ट हवं असेल तर राजबागला तळपण नदीच्या मुखाजवळ ललित आहे. जागा प्रशस्त, स्वतःचं गोल्फचं मैदान, आणि समोरचा किनारा पाळोळ्यापेक्षा कितीतरी रिकामा.

सासष्टीवाला:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण प्लायवूडच्या भिंतीत तीन रात्री काढणं सगळ्यांना जमत नाही. तुमची ती एक महाग रात्र सासष्टीत, म्हणजे मडगावच्या बाजूला घालवा. वेळसांवपासून मोबोरपर्यंत सुमारे 25 किलोमीटरचा सलग वाळूचा पट्टा आहे, त्यावर मोठी रिसॉर्ट ओळीने आहेत: आरोशीला आयटीसी ग्रँड, बाणावलीला ताज एक्झॉटिका, मोबोरला सेंट रेजिस (म्हणजे पूर्वीचं लीला). मोबोर ज्या गावात आहे ते केळशी बुकिंगच्या साइटवर शोधून सापडणार नाही, तिथे कॅव्हेलोसिम लिहिलेलं असतं.

यांत फरक काय? ताज एक्झॉटिका 56 एकरांत पसरलंय, खोल्या बसक्या इमारतींत आणि व्हिलांत आहेत. तिथे तळमजल्याची खोली घेतली तर दार थेट हिरवळीवर उघडतं, पण तीच हिरवळ इतरांचीही वाट असते. एकांत हवा तर वरच्या मजल्याची मागा. मोबोरला एका बाजूला साळ नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, त्यामुळे ‘वॉटर व्ह्यू’ म्हणजे नेमकं कोणतं पाणी हे विचारून घ्या. माजोर्ड्याचं अलिला दिवा किनाऱ्याला लागून नाही, ते भातशेतीकडे तोंड करून आहे. जुलै ते सप्टेंबर त्या शेतांसाठी जावं. जानेवारीत ती खुंटांची असतात. तुमची अट चालत समुद्र गाठण्याची असेल तर ते या वेळी सोडा.

आता मुख्य मुद्दा, जो कुठल्याही जाहिरातीत नसतो. लग्नं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या मोठ्या रिसॉर्टांत दिल्ली-मुंबईची लग्नं लागतात. दोनशे वऱ्हाडी उतरले की नाश्त्याला रांग, पूलभोवती हळदीचा मंडप, हिरवळीवर दुपारपासून ध्वनिक्षेपकाची चाचणी. उघड्यावरचं संगीत रात्री दहाला बंद करावं लागतं, पण तोवर तुमची संध्याकाळ गेलेली असते. धनुर्मासात लग्नं नसतात, पण तेव्हा नाताळ-नववर्षाचे दर असतात. संक्रांतीनंतर मुहूर्त पुन्हा सुरू. म्हणून आधी कालनिर्णय उघडा, त्या आठवड्यातले विवाहमुहूर्त पाहा, मग रिसॉर्टला थेट फोन करून विचारा: “या तारखांना लग्न किंवा कॉन्फरन्स आहे का, आणि असल्यास किती खोल्या गेल्यात?” आरक्षण विभाग आढेवेढे घेतो. बँक्वेट विभागाला ‘अमुक तारखेला हिरवळ मोकळी आहे का’ असं विचारलं तर एका मिनिटात उत्तर मिळतं. जानेवारीत शुक्राचा अस्त असेल त्या वर्षी तो महिना मोकळा जातो, तेवढं नशीब.

26 जानेवारी शनिवार-रविवारला जोडून आली तर तो आठवडा सुरू होताना गर्दी असते. मंगळवारी दुपारी पोचलात तर किनारा रिकामा, दरही उतरलेले.

जमाखर्च:
बजेट सात-आठ हजार म्हणता, म्हणजे नेमके कराच्या रेषेवर उभे आहात. सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के, त्याच्या वर 18 टक्के. 7,400 ची खोली करासह 7,770 ला पडते, 7,600 ची 8,968 ला. दरात 200 चा फरक, खिशातून जाताना 1,198 चा. कर छापील दरावर नाही, प्रत्यक्ष आकारलेल्या दरावर लागतो, त्यामुळे सवलतीने रेषेखाली आलात तर 5 टक्केच. नाश्ता-जेवण धरून एकच दर असेल तर कर त्या सगळ्या रकमेवर. म्हणून रेषेजवळच्या हॉटेलात फक्त खोलीचा दर मागा आणि नाश्ता बाहेर करा. जिथे खोल्या 7,500 च्या वर जातात तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावरही 18 टक्के असतात, बाहेरच्या साध्या हॉटेलात 5. रोज रात्री रिसॉर्टातच जेवायचं ठरवण्याआधी हे लक्षात असू द्या. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट.

गोव्याच्या पत्त्याबद्दल: स्थानिकांना खोली देऊ नये असा कायदा नाही, लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याला देऊ नये असाही नाही. पण काही हॉटेलांचं तसं धोरण असतं आणि ते आरक्षणाच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. साइटवरून पैसे भरून दारात पोचल्यावर नकार मिळाला की परतावा मिळवण्यात दमछाक. आधी ईमेल करा: ‘आम्ही दोघं गोव्याचे रहिवासी, दोघांची ओळखपत्रं गोव्याच्या पत्त्याची, चालेल ना?’ लेखी होकार आला की मगच पैसे. हा प्रश्न मध्यम दरातल्या हॉटेलांत जास्त येतो, मोठ्या रिसॉर्टांत क्वचितच. ओळखपत्र मात्र दोघांचंही लागतं, एकाचं पुरत नाही.

आणि व्हिला घेणार असाल तर वैयक्तिक खात्यात किंवा नुसत्या क्यूआर कोडवर आगाऊ रक्कम पाठवू नका. खोट्या जाहिरातींचा धंदा जोरात आहे. मालकाला व्हिडिओ कॉलवर फाटकापासून आत खोलीपर्यंत चालत दाखवायला सांगा. खोटा असेल तर तिथेच फोन ठेवतो.

बार्देसकर:
उत्तरेची बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो. कळंगुट-बागा दोघांसाठी नाही, ते सोडून द्या. हणजूण-वागातोरला हॉटेलं उत्तम आहेत, टेकडीवरून समुद्र दिसतो, पण क्लबांचा ठोका वाऱ्याबरोबर कुठवर येईल याचा नेम नाही. खोली समुद्राच्या बाजूची असो वा रस्त्याच्या, रात्रीच्या आवाजाबद्दलचे अभिप्राय वाचताना शनिवारी राहिलेल्यांचे बघा. मंगळवारी राहिलेला माणूस ‘अगदी शांत’ असंच लिहिणार.

तुमच्या यादीतलं मांद्रे बरोबर आहे. तिथे वस्ती आणि वाळू यांच्यामध्ये ओहोळ आहे, बांबूच्या साकवावरून किनाऱ्यावर उतरायचं. त्या ओहोळामुळेच गाड्या आणि गर्दी अलीकडे अडते. तोटा हा की संध्याकाळी त्याच पाण्यावरून डास येतात. साडेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, त्याआधीच खोलीची खिडकी लावून घ्या.

एखादी रात्र समुद्राशिवाय चालणार असेल तर पणजीत फोंतेनासला राहा. पंजिम इनसारखी जुन्या घरांत थाटलेली हॉटेलं आहेत: उंच छत, चार खांबांचे पलंग, शिंपल्यांच्या खिडक्या. अडचणीही जुन्या घराच्याच. लाकडी जमीन करकरते, जिने उभे. दिवसभर गल्लीत फोटो काढणाऱ्यांचे घोळके, म्हणून गल्लीकडची खोली नको, मागच्या बाजूची मागा. गाडी तिथल्या ‘31 जानेवारी’ नावाच्या रस्त्यावर लावायला जागा मिळेल या भरवशावर राहू नका, हॉटेलला आधी विचारा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असतो, तेव्हा पणजीचा नाद सोडा.

डोंबिवलीकर_दोघे:
धागा वाचतोय. आम्ही मुंबईहून येणार, आगोंद आवडलं. विमान की रेल्वे?

काणकोणचो:
आगोंदला यायचं तर विमानाचं तिकीट काढताना कोड बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मोपा पेडण्यात आहे, तिथून काणकोण (आगोंद-पाळोळे याच तालुक्यात) जवळजवळ शंभर किलोमीटर, अडीच तास. स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. रेल्वेने मडगावला उतरा. काणकोण स्टेशन पाळोळ्याच्या अगदी जवळ आहे, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात. वंदे भारत शुक्रवारी नसते, ती थिवी आणि मडगावला थांबते. ओला-उबर इथे चालत नाहीत, गोवा माइल्सचं ॲप घ्या किंवा प्रीपेड काउंटर गाठा. भाड्याची स्कूटर घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, पोलिसांनी अडवलं तर भुर्दंड तुम्हाला.

अंत्रुजकर:
सगळ्यांचे आभार. ठरवलं: मंगळवार-बुधवार आगोंद, दुसऱ्या रांगेतली हट, आणि गुरुवारी रात्री बाणावली. बँक्वेट विभागाला फोन केला, त्या दिवशी हिरवळ मोकळी आहे! शेवटचे दोन प्रश्न. खोला गावच्या किनाऱ्यावर (कोला बीच) आमची लहान गाडी उतरेल का? आणि बटरफ्लाय बीचला होडी कुठून घ्यावी?

काणकोणचो:
खोल्याचा शेवटचा उतार तीव्र आणि खडबडीत आहे, लहान गाडीचा तळ घासतो. उतरताना कळत नाही, चढताना क्लच जळतो. गाडी वर लावा आणि चालत उतरा, पायात चप्पल नको, बूट घाला. समुद्राला टेकलेलं गोड्या पाण्याचं तळं आहे, दोघांपैकी कुणी पोहत नसेल तर त्याच्यासाठी तेच बरं, मात्र मध्ये खोल आहे.

होडी पाळोळ्याहून किंवा आगोंदहून, दोन्हीकडून मिळते. सकाळी आठ-नऊला निघा. दुपारनंतर वारा उठतो, होडी उडते आणि परतताना भिजून निघता. भाडं माणशी की होडीला, आणि तिथे किती वेळ थांबणार, हे दोन्ही चढण्याआधी बोलून घ्या. नाहीतर वीस मिनिटांत परत चला म्हणतात. बटरफ्लायला पाणी, खाणं काही मिळेल असं धरू नका. लाइफ जॅकेटचे पट्टे तुटके असतील तर दुसरी होडी बघा. आगोंदला पाण्यात उतराल तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे आणि जीवरक्षक असेतोवरच, म्हणजे सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. नुसता लाल झेंडा असला की पाय भिजवण्यापलीकडे काही नको.

सासष्टीवाला:
बाणावलीला गुरुवारी रात्रीचं जेवण गावातल्या एखाद्या साध्या खाणावळीत घ्या, चणक किंवा मुडदुशी (दोन्ही मासेच) रवा लावून तळलेली मागा. वजनावर विकतात तिथे मासा आधी बघून भाव ठरवा. शुक्रवारी परतताना मडगावातून जाऊ नका, बगल रस्त्याने बोरीच्या पुलाकडे निघा. आणि सकाळी नऊच्या आत तो पूल ओलांडायला बघू नका, कचेरीची गर्दी उलट दिशेनेही अडकवते.