‘क्लासिकल’ शिक्षणाला मराठीत काय म्हणावे?

रानजाई
आम्ही अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो आणि गेली तीन वर्षे दोन्ही मुलांना (वय ९ आणि ६) घरीच शिकवतो. आतापर्यंत सगळे मुलांच्या कलाने चालले होते; डायनोसॉर म्हटले की महिनाभर डायनोसॉर. या ऑगस्टपासून मात्र आम्ही इकडे ‘क्लासिकल’ म्हणतात त्या अभ्यासक्रमाकडे वळत आहोत. त्यात प्राचीन काळापासून आजपर्यंतचा इतिहास चार वर्षांत क्रमाने शिकवतात आणि बारावीपर्यंत अशा तीन फेऱ्या होतात; शिवाय लॅटिन, रोजचे पाठांतर, चांगल्या उताऱ्याची नक्कल आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगणे हे आलेच. ही बातमी रत्नागिरीला कळवताना मी ‘अभिजात अभ्यासक्रम’ असे लिहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून हा शब्द सासऱ्यांच्या मनात एकाच अर्थाने बसलेला आहे. त्यामुळे नातवंडे आता सगळे विषय मराठीतून शिकणार असे समजून त्यांनी आळीत पेढे वाटले. खुलासा करताना मी ‘शास्त्रीय शिक्षण’ म्हटले, तर विज्ञानावर भर दिल्याबद्दल दिरांनी माझे अभिनंदन केले. हाच विषय आता मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दोन पानांत मांडायचा आहे. कोणता शब्द वापरावा?

पाठभेद
‘अभिजात’ सोडू नये, असे माझे मत आहे. या शब्दाचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला असा आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपदेच्या संदर्भात ‘अभिजातस्य भारत’ असे येते, तेथे ती संपदा घेऊन जन्माला आलेला असा अर्थ आहे. लॅटिनमधला ‘क्लासिकुस’ हा शब्दही याच जातकुळीचा आहे. रोमन नागरिकांचे मालमत्तेनुसार वर्ग पाडलेले असत आणि सर्वांत वरच्या वर्गातला तो क्लासिकुस. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात औलुस गेल्लिउस या रोमन लेखकाने हा शब्द लेखकाला लावला आणि त्याच्यासमोर ‘प्रोलेतारिउस’, म्हणजे कफल्लक लेखक, उभा केला. दोन्हीकडे घरंदाजपणाचा शब्दच गुणवत्तेचा शब्द झाला. इतके जुळणारे प्रतिशब्द क्वचितच मिळतात.

शंकासुर
व्युत्पत्ती जुळली म्हणून अर्थ पोहोचतो असे नाही. वाटले गेलेले पेढे हा त्याचा पुरावा आहे. ‘शास्त्रीय संगीत’ म्हणताना शास्त्र म्हणजे परंपरेने बांधलेले नियम आणि ‘शास्त्रीय दृष्टिकोन’ म्हणताना शास्त्र म्हणजे विज्ञान, ही दुहेरी सोय संगीतापुढे चालते, शिक्षणापुढे चालत नाही. मी सरळ ‘क्लासिकल’ लिहीन.

शुद्धमती
‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्दही प्रथम परके वाटले असतीलच, आज ते कोणाला खटकतही नाहीत. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही आणि रुळला नाही म्हणून आपण तो वापरत नाही, असे हे दुष्टचक्र आहे. मी ‘आर्षशिक्षण’, म्हणजे ऋषींपासून चालत आलेले शिक्षण, असा शब्द सुचवते.

शंकासुर
होमर आणि सिसेरो यांना ऋषी करण्याइतके आपण उदार होऊ नये.

चंची
नावापेक्षा आतला ऐवज आधी पाहावा. या शिक्षणाचा कणा म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या, आणि त्यांना मिळून लॅटिनमध्ये ‘त्रिवियुम’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ तीन रस्ते मिळतात ती जागा, एवढाच आहे. आम्हां कोल्हापूरकरांना त्यासाठी कोश उघडावा लागत नाही, कारण आमच्याकडे मिरजकर तिकटी आहे आणि पापाची तिकटीही आहे. ‘तिकटी’ हा जिवंत, रोजच्या तोंडातला शब्द असताना त्रिमार्ग, त्रिपथ असली घडीव नाणी कशाला हवीत?

तळकोकणी
कोल्हापूरच्या बाहेर ‘तिकटी’ कोणाला कळणार? योग्य शब्द ‘तिठा’ आहे. मुंबई-गोवा रस्त्यावरून एकदाही गेलेल्या माणसाला हातखंबा तिठा ठाऊक असतो, आणि रानजाईंचे सासरेच रत्नागिरीचे असल्यामुळे त्यांना तर स्पष्टीकरणाचीही गरज पडणार नाही. माझ्या मते त्रि आणि स्था मिळून हा शब्द झाला असावा, कारण तिथे माणूस थांबून विचार करतो.

पाठभेद
थांबून विचार करण्याची व्युत्पत्ती मोहक आहे, पण ‘चव्हाटा’ शब्दात चार वाटा दिसतात, त्या न्यायाने तिठ्यातही तीन वाटाच शोधाव्यात असे मला वाटते. मात्र दोन्ही शब्द सुचवणाऱ्यांना माझी विनंती आहे की आपल्याकडे याच जातीची एक घडण आधीपासून आहे. व्याकरण, मीमांसा आणि न्याय ही तीन शास्त्रे जाणणाऱ्याला ‘पदवाक्यप्रमाणज्ञ’ म्हणत; भवभूतीच्या नावामागे हे बिरुद लागलेले आहे. पद, वाक्य, प्रमाण ही चढण त्रिवियुमच्या चढणीशी पुष्कळ मिळतीजुळती आहे, फक्त शेवटी वक्तृत्वाऐवजी न्याय बसला आहे.

रानजाई
सर्वांचे आभार, पण पदवाक्यप्रमाण लिहिले तर अंकाचे वाचक पुढचे पान उलटतील. माझी खरी अडचण याच्या पहिल्या पायरीशी आहे. इकडे प्रत्येक विषयाला ‘व्याकरण’ असते असे मानतात: गणिताचे व्याकरण म्हणजे पाढे, इतिहासाचे म्हणजे सनावळी, लॅटिनचे म्हणजे ‘अमो, अमास, अमात’. मराठीत ‘गणिताचे व्याकरण’ म्हटले की काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

चंची
यात अडचण कसली? गणिताची बाराखडी, इतिहासाची बाराखडी. आपण असे बोलतोच.

जुना मास्तर
बाराखडी उत्तम आहे, परंतु या पायरीचे खरे मराठी नाव ‘पोपटपंची’ आहे, आणि हे मी रागाने म्हणत नाही. डोरोथी सेयर्स या लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्डला जे व्याख्यान दिले, त्यातून या पद्धतीच्या आजच्या पुनरुज्जीवनाला मोठी चालना मिळाली, आणि त्यांनी स्वतःच मुलाच्या पहिल्या अवस्थेला पोपटाचे नाव दिले आहे. फक्त त्यांच्या पोपटाची आपल्यासारखी नाचक्की झालेली नाही. आमच्या घरी दिवेलागणीला परवचा होत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी असे करत आम्ही अडीचकीपर्यंत पोहोचेतो ताटे वाढलेली असत. वडील त्या बळावर किराणा दुकानदाराच्या आधी हिशेब सांगत, पण निमकी अशी का येते हे विचारले तर रागावत. ज्या शिक्षणात पाठांतरानंतर तर्काचा टप्पा ठरवून ठेवलेला आहे, त्याला परवचा म्हणता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरीही नातवंडे काय करतात हे सासऱ्यांना सांगायचे असेल, तर ‘परवचा’ या एका शब्दाने जे होईल ते अभिजातने होणार नाही.

शुद्धमती
रानजाईताई, उताऱ्याच्या नकलेसाठी तरी अस्सल मराठी शब्द वापरा. ‘कित्ता’ आहे, ‘कित्ता गिरवणे’ आहे.

शंकासुर
कित्ता अरबी ‘कित्आ’वरून आला आहे. सुलेखनाच्या नमुन्याचा तुकडा असा त्याचा अर्थ होता. अरबी पाहुणा अस्सल मराठी ठरतो आणि लॅटिनच्या पाहुण्याला दारात उभे करतात, हा निकष मला समजावून सांगावा.

शुद्धमती
कित्ता शेकडो वर्षे या घरात नांदला आहे. ‘क्लासिकल’ अजून उंबऱ्यावर आहे. निकष एवढाच आहे.

तळकोकणी
मग ‘आर्षशिक्षण’ किती वर्षे नांदले आहे?

जुना मास्तर
एक शंका विचारतो. मूळ लेखात ‘गृहशिक्षण’ हा शब्द येणार आहे का? मला त्यातून घरकामाचे शिक्षण असा वास येतो.

रानजाई
मी ‘घरशाळा’ लिहिते. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली घरी चालणाऱ्या शाळेला खाजगी शाळाच मानले, त्यामुळे आमच्या बाबतीत ‘शाळा’ हा शब्द कायद्यालाही धरून आहे. मूळ प्रश्नाबाबत सांगायचे, तर लेख पाठवण्याची मुदत काल संपली. मी ‘क्लासिकल’ ठेवून दिला होता आणि कंसात ‘अभिजात’ लिहिले होते. संपादकांनी दोन्ही काढून ‘शास्त्रोक्त’ केले आहे.

शंकासुर
म्हणजे लॅटिन आता सोवळ्यात शिकवावे लागणार.

चंची
‘तिकटी’ तरी राहिली का?

रानजाई
तिच्या जागी ‘त्रिवेणी संगम’ आला आहे.

तळकोकणी
संगमावर कोणी गाडी बदलत नाही. तिठा लिहिला असता, तर निदान सासऱ्यांना कळले असते.